काकूंची काठी आणि आमचं स्थळ

जर्मनीत एश्बॉर्नपासून फ्रँकफुर्टपर्यंतच्या मराठी मंडळींची जी लग्नं टिकली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जुळवलेली आहेत, आणि जी मोडली ती त्यांना न विचारता झालेली आहेत. हा सिद्धान्त काकूंचाच. त्याला विरोध करायची छाती मी अजून कोणाची पाहिलेली नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या सांगलीहून इथे आल्या. पुढे नवरा गेला, मुलगा बर्लिनला राहायला गेला, पण काकू हलल्या नाहीत. चालण्यासाठी घेतलेली काठी चालताना त्या काखेत धरत. तिचा खरा उपयोग जमिनीवर आपटण्यासाठी. माझा आणि योनासचा आवाज चढला की वरून ठक ठक, आणि पाठोपाठ जिन्यातून हुकूम, "पुरे आता! चहा टाका, मी येतेय." आल्यावर भांडणाचा विषय विचारत नसत. तो त्यांनी वर बसून नीट ऐकलेलाच असे.

योनास माझा मित्र नसून नवरा आहे, हे मी त्यांना एकदाचं सांगून टाकलं. काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, "उंची चांगली आहे" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून तो "अहो जावईबापू" झाला. त्या हिशोबाने घरात मी कोण ठरलो, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मूल दत्तक घ्यायचं आम्ही ठरवलं तेव्हा सल्ला विचारायला आपलं माणूस हवं होतं. पुण्याहून आई फोनवर फक्त इथली थंडी विचारायची. योनासचे आईवडील तर तेही विचारत नसत. युगेंडआम्टच्या, म्हणजे मुलांचं भलंबुरं पाहणाऱ्या सरकारी कचेरीच्या सल्लागार बाई मात्र फार भल्या होत्या. दोन पुरुष म्हणून त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, आता घरी येऊन तुम्हाला भेटते. त्यांचं मत अनुकूल पडलं तरच पुढे मूल, नाहीतर सगळं तिथेच संपणार.

ही बातमी ऐकताच काकू खुर्चीतून काठीविना उठल्या. "म्हणजे बघायला येणार!"

"काकू, हे तसलं नाही."

"मला शिकवू नकोस. घरी येणार, बसणार, प्रश्न विचारणार, घर बघणार आणि मग कळवतो म्हणणार. अजून तसलं म्हणजे कसलं असतं?"

मग आठवडाभर तालीम चालली. योनासचा ड्रमसेट काकूंच्या बेडरूममध्ये गेला. भिंतीवर देवाची तसबीर आली. "जावईबापू, पाय हलवायचा नाही," असं त्याला बजावलं गेलं आणि तो बिचारा "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणत दुसरा पाय हलवू लागला. सगळ्यात वरचा नियम म्हणजे, भांडता का असं विचारलं तर दोघांनी एका सुरात "कधीच नाही" म्हणायचं. सांगलीपासून फ्रँकफुर्टपर्यंत या उत्तराने एकही स्थळ हातचं गेलेलं नाही, अशी काकूंची हमी होती.

सल्लागार बाई आल्या. काकू पैठणी नेसून कांदेपोहे घेऊन आल्या आणि शालीनपणे स्वयंपाकघरात गेल्या. बाईंनी पोहे चवीने खाल्ले आणि तो प्रश्न विचारलाच. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "कधीच नाही."

बाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडलेला मला स्पष्ट दिसला. "कधीच भांडत नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "मग मूल एखाद्या दिवशी किंचाळायला लागलं, दारं आपटायला लागलं, तर काय कराल?" योनासचे दोन्ही पाय थांबले. आणि तुमच्या पाठीशी कोण आहे, या पुढच्या प्रश्नाची तर तालीमच झाली नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठक ठक. काकू दारात उभ्या.

"खोटं बोलताहेत दोघं!" त्या जर्मनमध्ये कडाडल्या. "मी शिकवलं म्हणून. मी वर राहते, मला सगळं ऐकू येतं. परवा डिशवॉशरवरून भांडले. भाताचं पातेलं आत कसं लावायचं, यावरून! पण मी चहाला खाली येईपर्यंत एकमेकांना हसत होते. असं भांडता येणारी जोडपी मी फार थोडी जुळवलीत, बाई. आणि पाठीशी कोण म्हणाल, तर मी आहे. चला, पोहे घ्या अजून."

बाई आधी दचकल्या, मग हसल्या आणि त्यांनी ताटली पुढे केली. "डिशवॉशरचं पहिल्यापासून सांगा," त्या आम्हाला म्हणाल्या. आम्ही सांगायला लागलो आणि सांगता सांगता त्या पातेल्यावरून पुन्हा जुंपली.

होकार आला, आणि काही काळाने आमची लेक आली. काकूंच्या मांडीवर ती मराठी ऐकत वाढली आणि उत्तरं जर्मनमध्ये देत राहिली. मग काकूंचे गुडघे जिन्याला कंटाळले आणि मुलाने त्यांना बर्लिनला नेलं. वर आता एक अतिशय सभ्य जोडपं राहतं. त्यांचा पायरवसुद्धा ऐकू येत नाही.

परवा माझी आणि योनासची अशीच खडाजंगी झाली. मध्येच दोघंही थांबलो आणि सवयीने छताकडे पाहिलं. वर शांतता होती. एवढ्यात खालून, अगदी आमच्या पायाशी, आवाज आला. ठक ठक. लेक लाटणं घेऊन जमिनीवर बसली होती.

"पुरे आता," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "चहा टाका."

आम्ही टाकला. कप मात्र मी चुकून एक जास्तीचा मांडला.