सगळ्यात सरळ रेघ

माझ्या हातून आयुष्यात बरंच काही बिघडलं. शेतातली मोटर, दोन मिक्सर, मेहुण्याच्या लग्नातला लाउडस्पीकर. पण ते सगळं बिघडलं तेव्हा आवाज झाला, धूर निघाला, निदान कुणी तरी शिव्या घातल्या. जे बिघडलं आणि कुणालाच कळलं नाही, उलट माझी पाठ थोपटली गेली, त्याची गोष्ट सांगतो. 

शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि तळोद्याच्या एका छोट्या संस्थेत जाऊ लागलो. डोंगरातल्या पाड्यांवरच्या लहान मुलांची वजनं दर दोन आठवड्यांनी यायची, ती सांभाळायचं काम. अंगणवाडीच्या सेविका काट्यावर मूल लटकवून वजन घेत आणि रेंज सापडली की मोबाइलवरून फॉर्म भरून पाठवत. संस्थेच्या डॉक्टर मॅडम ती वजनं बघून ठरवत, की कुठलं मूल दवाखान्यात आणायचं. एवढी साधी पद्धत. ती मी सुधारायला घेतली.

पहिली सुधारणा म्हणजे फॉर्म शंभर टक्के मराठी. अंकसुद्धा. सेविका घरी पावरी बोलतात, मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांना ८ पेक्षा इंग्रजी आठ सोपा असायचं काय कारण? मी छाती फुगवून सांगितलं, "बाई, आकडा मराठीच दाबायचा." त्यांनी दाबला.

दुसरी सुधारणा म्हणजे आलेख. व्हिडिओ बघून बघून मी पायथन शिकलो होतो. त्यात आलेख काढणारी एक फुकटची लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणा हुशार माणसांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा गठ्ठा. तिला आकडे द्या, ती रेघ काढते. मी वजनं दिली. प्रत्येक मुलाची एकेक रेघ आली. फक्त उभ्या बाजूला, जिथे किलो दिसायला हवेत, तिथे नुसते चौकोन. रिकामे चौकोन, एकावर एक. खाली लाल पट्टीत इशारा: अमुक चिन्ह या फॉन्टमध्ये सापडत नाही.

तीन दिवस मी त्या चौकोनांशी झगडलो. फॉन्ट उतरवले, बदलले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बायको चहा ठेवून जायची आणि परत यायची.

"काय करी ऱ्हायनात तुम्ही? चहा थंडा व्हयी गया."

"चौकोन घालवतोय."

"मग झाडू लावा ना."

मी तेच केलं. इंटरनेटवर दोन ओळी सापडल्या. एक ओळ इशारे गप्प करते, दुसरी उभ्या बाजूची अक्षरं पुसून टाकते. चौकोन गेले. पान असं स्वच्छ झालं की मी स्वतःवरच खूश झालो.

मॅडमनी कागद बघून विचारलं, "सर, आकडे कुठे गेले?"

"मॅडम, आकडे वाचून डोळे शिणतात. तुम्ही रेघ बघा. वर म्हणजे वाढतंय, खाली म्हणजे उतरतंय."

ऐंशी मुलांची जबाबदारी एका जिवावर असलेल्या त्या बाई. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ज्या चार-पाच रेघा खाली वाकल्या होत्या ती मुलं त्यांनी आणवली. बाकी सगळ्या रेघा वर जात होत्या. सभेत माझं कौतुक झालं. मी मान खाली घालून ऐकलं, म्हणजे हसू दिसू नये म्हणून.

दोन महिने हे असं चाललं.

मग महिन्याच्या बैठकीला मणिबेलीच्या बाजूची एक सेविका आली. तिचा पाडा असा, की जीप संपते तिथून पुढे बोट. भिंतीवर लावलेल्या कागदावर तिने एका रेघेला बोट लावलं. दीड वर्षाची मुलगी. सगळ्यात सरळ रेघ तिची, पट्टीने आखल्यासारखी वर चाललेली.

"सर, ही वर कशी?"

"वाढतेय म्हणून वर."

"हिचा करदोडा ढिला होतोय सर. आधी एक बोट जात नव्हतं, आता दोन जातात."

पोराच्या कमरेला जन्मल्यावर काळा दोरा बांधतात तो करदोडा. मूल भरलं की घट्ट होतो, मग आई सोडून नवा बांधते. आणि मी, पस्तीस वर्षं मुलांना आलेख शिकवलेला माणूस, तिला काय म्हणालो?

"बाई, दोरा सैल बांधला असेल. कॉम्प्युटरला दोरा कळत नाही, वजन कळतं."

दोन-तीन जणी हसल्या. ती हसली नाही. "तिची आई पण तेच म्हणते," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात मीच तिला तुमचा कागद दाखवला. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, सरांची रेघ वर जाते ना, मग कशाला?" आणि ती दुपारच्या जीपने निघून गेली.

तिला खोटं पाडावं म्हणून त्याच संध्याकाळी मी घरी बसलो. हेच खरं कारण, दुसरं काही नाही. म्हटलं, रेघेवर वजनं छापून पुढच्या वेळी तिच्यासमोर ठेवतो. प्रत्येक ठिपक्याशेजारी आकडा छापायला सांगितला. परत चौकोन आले. मग मी वैतागून आलेख सोडला आणि सरळ फॉर्मची यादी उघडली, जी दोन महिने उघडलीच नव्हती.

७.९. ७.७. ७.४. ७.१.

मी चष्मा पुसला. रेघेकडे पाहिलं. रेघ वर. आकड्यांकडे पाहिलं. आकडे खाली.

मराठीत दाबलेले अंक लायब्ररीला आकडे वाटलेच नव्हते. तिला ती नावं वाटली होती. आंबा, चिंच, बोर अशी. नावांत लहान-मोठं नसतं. म्हणून पहिलं नाव तिने तळाला ठेवलं, दुसरं त्याच्या वर, तिसरं त्याच्याही वर. वजन उतरलं तरी पायरी वरचीच. मूल जितकं सतत वाळत जाईल तितकी त्याची रेघ सरळ वर. आणि ज्यांचं वजन जुन्याच आकड्यावर परत आलं, तेवढ्यांच्याच रेघा खाली वळल्या होत्या. लायब्ररीला ते आकडे वाटले असते तर तिने आपले इंग्रजी अंक छापले असते; चौकोन मला हेच सांगायला रांगेत उभे होते. मी त्यांना झाडून टाकलं.

बायको दारात आली. "तोंड कसं पांढरं व्हयी गयं तुम्हनं?"

मी फोन उचलला. मॅडमना लावताना तो दोनदा भलत्यालाच लागला. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "यादीतून पुन्हा सगळी वजनं मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी त्या पाड्यावर जा. तिथे फोन लागत नाही." आणि पुढे म्हणाल्या, "सात किलोच्या खाली गेली तर सर, साधा जुलाबसुद्धा पुरतो."

ते वाक्य माझ्याबरोबर जीपमध्ये बसलं. जीप अक्कलकुव्याच्या एका चाचांची. तीस वर्षं डोंगरात गाडी घालणारे. घाटात मी दांडी अशी धरली होती की त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"सर, डरू नका ना. गाडी नही पडनार."

"मी गाडीला नाही घाबरत, चाचा."

"मग?"

मी सांगितलं. वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तोंडातली सुपारी बाहेर थुंकली आणि ॲक्सिलेटर दाबला. आता मी गाडीलाही घाबरू लागलो.

धरणाने फुगलेल्या नदीशी उतरलो, बोटीत बसलो. दोन्हीकडे टेकड्या, बुडालेल्या झाडांचे शेंडे. समोरून एक बोट आली, नावाड्याने हात केला. मी मान वर केली नाही. लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून मनात वजनं मोजत होतो: दर दोन आठवड्यांना दोनशे ग्रॅम, कधी तीनशे, शेवटचं वजन दहा दिवसांपूर्वीचं, तर आज? गणित सोपं होतं. मला ते पुरं करायचं नव्हतं.

पाड्यावर चढून गेलो तर झोपडीचं दार ओढलेलं. बाहेर झोळी टांगलेली. रिकामी. चूल थंड. आजूबाजूला कुणी नाही, फक्त एक कोंबडी. मी झोळीला हात लावला, का ते माहीत नाही. त्या क्षणी मला वाटलं ते मी लिहू शकत नाही. मी तिथेच, मातीत, बसलो.

एक म्हातारी लाकडं घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी येत नव्हतं. मी झोळीकडे बोट दाखवलं. तिने नदीकडे हात केला. नदीकडे म्हणजे काय? तिकडे नेतात कुणाला? मी छाती बडवून, हात जोडून विचारत राहिलो. शेवटी तिने वैतागून हाताने वल्हं मारल्यासारखं केलं, मग गाडीचं स्टिअरिंग फिरवलं आणि तोंडाने घर्रर्र आवाज काढला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

परत काठाला आलो तर जीप गायब. नंतर कळलं, ती समोरून आलेली बोट त्यांचीच होती. सेविका रात्री पोहोचल्यावर घरी न जाता त्या आईकडे गेली होती आणि सकाळी मायलेकींना घेऊन निघाली होती. काठावर त्यांना चाचा भेटले; मला तिथेच टाकून चाचांनी त्या तिघींना नेलं. अगदी बरोबर केलं. मी दुपारभर दगडावर बसलो आणि मग एका टेम्पोत शेळ्यांबरोबर अक्कलकुव्याला पोहोचलो.

मुलगी तिथल्या दवाखान्यात होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघावं एवढीही ताकद त्यांत नव्हती. सहा किलो आठशे. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. सेविकेने मला पाहिलं, डोक्यातला पेंढा पाहिला.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, सरांचा कागद खोटा." मग थोडी नरमून, "वाईट वाटू देऊ नका सर. नाहीतर ती आली नसती."

"बरोबर सांगितलंस," मी म्हणालो.

आईची मला माफी मागायची होती. सेविकेने माझ्या वतीने दोन वाक्यं पावरीत सांगितली. आईने एकदाच वळून पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मी कुणाला विचारला नाही.

मी रोज जात राहिलो. सहा आठशे, तेच, सहा सातशे, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, मग सात, मग सात दोनशे. घरी येऊन फॉर्ममधले अंक नीट आकड्यांत बदलून, किलो स्पष्ट छापून मी तिची रेघ काढली. आधी खाली उतरणारी आणि शेवटी वर वळणारी. मी ती चारदा तपासली. तरी विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीतच ठेवला आणि सेविकेला म्हटलं, "तू सांग."

तिने मुलीचं झबलं वर केलं आणि करदोड्याखाली बोट घातलं. एक बोट गेलं. दुसरं तिने सरकवायचा प्रयत्न केला. 

दुसरं गेलं नाही.