राबाचा धूर

शेतात राब भाजायला लागले, की म्हातारपणीही मी आधी खिडकी लावून घेते.

मी लहान असताना भिसेगावात चर्चमध्ये प्रार्थनेला पाहुणे उपदेशक आले होते. "बाप्तिस्म्यावाचून मेलेले नरकात जळताहेत!" ते गरजले, आणि खिडकीतून धूर आत आला. माझी आई नुकतीच बाप्तिस्मा न घेता गेली होती. मी किंचाळले, "आई जळतेय!"

आमचे पाळक पुटपुटत बोलायचे. त्यांच्या उपदेशात माणसं पेंगायची. ते उठून माझ्यापाशी जमिनीवर बसले. "नाय गं पोरी, राब हाय तो. भाताची रोपं उगवायला जमीन भाजतात."

"आणि आई?"

पाहुण्यांदेखत ते म्हणाले, "तुझ्या आईला देव आमच्यापेक्षा जास्त ओळखतो."

त्यांनी माझा हात धरला होता. पाहुण्यांचा उपदेश अर्धवट सोडून ते मला राब दाखवायला बाहेर घेऊन गेले.