विमानाने आलेला लाहन्या

उगारलेली कुऱ्हाड आणि तिच्याखाली ढिम्म बसलेला तो माणूस मला आजही जसाच्या तसा दिसतो. मी मागून उगारणाऱ्याचं मनगट धरलं, शिपायाने कुऱ्हाड हिसकावली. नाहीतर खुनाचा पंचनामा करावा लागला असता.

गाव आलापल्लीजवळचं. ब्रह्मदेशात सागवान तोडायला जपानच्या लढाईआधी गेलेला एकजण मेला म्हणून सगळ्यांनी धरलं होतं. आता त्याचं नाव सांगून कोणी तोतया घरात शिरलाय, अशी खबर पोलीस पाटलाने दिली. खात्यात तेव्हा बाया मोजक्याच. मी चौथी पास शिपाई. त्याच्या आईचा जबाब घ्यायला मला नेलं होतं.

म्हातारीला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी तापाने खंगलेला तो चेहरा थोरल्या भावालाही ओळखू येईना. तिकडे म्हणतात, भूत एकदाच हाक मारतं, म्हणून माणसाने तीनदा मारावी. तिने त्याला पाठीमागून "लाहन्या" म्हणून तीन हाका मारल्या. तो वळलाच नाही. थोरल्या भावाने तेवढ्यावर ठरवलं की हा जमिनीचा वाटा खायला आलेला चोर आहे, आणि कुऱ्हाड काढली.

सगळ्यांना ठाण्यात आणलं. ठाणेदारांनी त्याला समोर बसवून मोठ्याने दरडावून विचारलं, रंगून कधी सोडलं? शनिवारी, असं तो ओरडून म्हणाला. त्या दिवशी बुधवार होता. ठाणेदारांचे मामा रंगूनला नोकरीला होते. नुसत्या जहाजालाच कलकत्त्यापर्यंत तीन-चार दिवस, पुढे बल्लारशापर्यंत आगगाडी, मग मोटार. हिशेब बसेना.

"विमानानं आलो," तो ओरडला. "सकाळी चहा पिऊन बसलो, जेवाले कलकत्त्याले. मालक येत होता, मले ताप, म्हणून संग आणलन."

ओसरीवर म्हातारीने रडायलाच सुरुवात केली. "विमान त मेलेल्याले नेवाले येते, बापा. त्यातून कोणी वापस येते काय?"

ठाणेदारांनी भिंतीवरच्या नकाशावर वीत टाकली आणि म्हणाले, इथून जिल्ह्याच्या गावाला, चांद्याला, जायला मोटार अख्खा दिवस खाते, आणि हा समुद्र एका सकाळी ओलांडतो. वर ओरडतो. त्यांनी आवाज खाली कर म्हटलं, तर तो आणखी ओरडला. ते हात उचलून उठले.

मी त्याच्या बाजूला उभी होते. त्याचं नाव घेतलं, तर पापणीही हलली नाही. मी वाकून पाहिलं. समोर जाऊन स्वतःच्या कानाला बोट लावून विचारलं, "कानात काय कोंबलं रे?"

"कापूस. विमानातल्या बाईनं देल्ला. कानात घाला म्हणे."

मी खुणेने विचारलं, मग काढला काऊन नाही?

"काढाचं तिनं नाई सांगतलन."

दोन्ही बोळे मीच ओढून काढले. मळाने काळे झाले होते. म्हातारीला म्हटलं, हाक मार. पहिल्याच हाकेला तो म्हणाला, "ओ माय," आणि तेही हळू आवाजात. म्हातारी चाचपडत आली आणि आधी त्याला एक थोबाडीत मारली. ठाणेदारच मोठ्याने हसले.

वनखात्याच्या रेंजरकडून खात्री करून घेतली. रंगून ते कलकत्ता सहा-सातशे मैल, विमानाला चार-पाच तास. थोरल्याला सक्त ताकीद देऊन सोडलं. त्याने कोंबडा कापला. आम्हीही जेवलो.

आरोपी उत्तर देत नाही म्हणजे मुजोर आहे, असं धरू नये. त्याला ऐकू येतं का, हे आधी बघावं. तेवढी अक्कल मला या एका केसने दिली.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. दोन्ही भाऊही जगले.