कार्डांची उतरंड

छापखान्यात पुस्तकांची बांधणी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. सरस लागून लागून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की मोबाइलसुद्धा त्यांचा ठसा ओळखत नसे. संध्याकाळी घरी आले की ते हात खरवडून धूत आणि विमान चालवायला बसत.

विमान अर्थातच कॉम्प्युटरवरचं. दोन माणसांचं, एका पंख्याचं, नदीच्या कडेकडेनं सावकाश जाणारं. खऱ्या विमानात ते कधी बसले नव्हते आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. स्वयंपाकघरातून बायको हाक मारी, "अहो, ताट वाढलंय, उतरा आता." मग ते खरोखरच धावपट्टी शोधत, नीट उतरत आणि मगच उठत. निवलेलं जेवण त्या घराच्या अंगवळणी पडलं होतं.

हे सगळं उडणं एका वस्तूच्या जिवावर चाले, ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा नव्यानं काढायचं काम त्याचं. ते दमलं की ढग अडखळत चालतात. गेल्या दोन वर्षांत ही कार्डं बाजारातून अशी गायब झाली होती की छापील किंमत विचारली तर दुकानदार कौतुकानं बघत. खोलीभर कार्डं दिवसरात्र जुंपून डिजिटल नाणी कमावणारे लोक ती गठ्ठ्यानं उचलत, आणि पार पिळून झाल्यावर तीच कार्डं 'जेमतेम वापरलेली' म्हणून तिप्पट भावानं बाजारात आणत.

यावर शहरातल्या सात हौशी माणसांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. त्याला ते उतरंड म्हणत. सगळ्यात वर दातांचे डॉक्टर, कारण त्यांच्या मेव्हण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि वर्षाकाठी एखादं नवं कार्ड त्यांना छापील किमतीत मिळे. ते येणार असं कळलं की डॉक्टरांचं जुनं काकांकडे, काकांचं गणिताच्या बाईंकडे, बाईंचं त्यांच्या खालच्याकडे. एका नव्या कार्डानं सात घरं एकेक पायरी वर चढत. नियम दोनच होते. आपण जितक्याला घेतलं त्याहून जास्त घ्यायचं नाही, आणि वरचं हातात यायची वाट न बघता आपलं खाली देऊन टाकायचं. नाहीतर सातही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले असते. कोणाची पाळी कधी, याची यादी काकांकडे असे. त्यांच्या शब्दावर कोणी दुसरा शब्द काढत नसे.

या वेळी काकांनी रिवाजाप्रमाणे आपलं कार्ड बाईंना देऊन टाकलं. डॉक्टरांकडचं यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस कॉम्प्युटर कार्डाविना, मदरबोर्डच्या तुटपुंज्या ताकदीवर चालला, म्हणजे विमान हँगरमध्येच राहिलं. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाठवलेला खोका आला. काकांनी कार्ड बसवलं, पेच आवळले, उड्डाण केलं, आणि ढग अडखळले.

नुसते अडखळले नाहीत, जुन्या कार्डापेक्षाही वाईट चालले. त्यांनी चार दिवस सगळे उपाय करून पाहिले. आश्चर्य म्हणजे कार्ड तापतसुद्धा नव्हतं. त्यातून काकांनी जो निष्कर्ष काढला, तो एकदा मनात शिरल्यावर बाहेर निघेना. कार्डात जीवच उरलेला नव्हता. डॉक्टरांनी ते नाणी कमावायला जुंपलं असणार, आणि आता चोथा त्यांच्या गळ्यात मारला.

फोनवर त्यांनी तक्रार केली तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, केबल कुठं लावलीये?"

हा प्रश्न काका स्वतः नवशिक्यांना विचारत. कॉम्प्युटरच्या पाठीमागे पडद्याची केबल लावायला दोन जागा असतात, एक मदरबोर्डची, दुसरी कार्डाची. मदरबोर्डला लावली तरी चित्र दिसतं, पण कार्ड आत नुसतं बसून राहतं. बाईंनी पूर्वी ही चूक केली तेव्हा काकांनी त्यांची महिनाभर थट्टा केली होती. "मला विचारताय?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्याच संध्याकाळी सात जणांच्या ग्रुपवर लिहिलं, की वरून खाली येणारा माल यापुढे तपासून घ्यावा लागेल. नाव घेतलं नाही. वर एकच माणूस होता.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. दोन ओळी लिहिल्या. आपल्याला उतरंडीतून मोकळं करावं, पुढचं कार्ड आपण बाजारात विकू. बाईंनी काकांना फोन करून सांगितलं, की डॉक्टर गेले तर वरून काही यायचंच नाही, मग यादी कसली ठेवायची? काका म्हणाले, तत्त्व म्हणजे तत्त्व. पण त्या रात्री जेवण गरम होतं आणि तरीही त्यांना ते गेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी कार्ड काढून परत पाठवायचं ठरवलं. टेबल पुढे ओढलं, जमिनीवर बसले आणि आधी केबल सोडवायला मागे हात घातला. गुळगुळीत बोटं कार्डाच्या कडेवरून फिरली. केबल नव्हती. तिथे रबराच्या चिमुकल्या टोप्या होत्या. धूळ जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी एकेका छिद्रावर बसवून दिलेल्या, एकही न काढलेल्या. केबल वीतभर वर, मदरबोर्डला होती. त्या नऊ दिवसांत लावलेली, ती तशीच.

"काय सापडलं?" खुर्ची पुसत बायकोनं विचारलं.

काकांनी रबराच्या टोपीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझी अक्कल."

त्यांनी एक टोपी काढली, केबल खाली आणली आणि यंत्र सुरू केलं. विमान उठलं. खाली शेतांवरून त्याची स्वतःची सावली सरकत होती, बांध ओलांडताना किंचित वाकत होती. इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. दोन मिनिटं पाहिली आणि बंद केलं. बघवेना.

मग ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टरांचं कार्ड उत्तम आहे. केबल मी मदरबोर्डला लावून ठेवली होती. डॉक्टरांबद्दल मी जे सुचवलं ते खोटं होतं." कोणाचं काही येण्याआधी मोबाइल घरीच ठेवून ते बाहेर पडले.

दवाखाना रविवारी दुपारपर्यंत उघडा असे. बाहेर गाल धरून तिघं बसले होते. नोंदणीच्या बाईंनी कुठला दात म्हणून विचारलं. काका म्हणाले, दाताचं नाही, बोलायचंय. त्या म्हणाल्या, मग शेवटी. तासाभरानं आत बोलावणं आलं.

डॉक्टरांनी मास्क उतरवला नाही. काका उभेच राहिले.

"मी माफी मागायला आलोय, डॉक्टर. यादी गणिताच्या बाईंकडे देतो. मला सगळ्यात खाली टाका."

"ग्रुपवर वाचलं मी." डॉक्टरांनी हातमोजे बदलले. "बसा."

बसायला ती एकच खुर्ची होती. काका बसले, ती मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला.

"आता आलाच आहात तर बघून घेऊ. तोंड उघडा."

काकांनी उघडलं. छोटा आरसा आत गेला.

"मेव्हण्याला मी काल सांगितलं होतं, पुढचं येईल ते कार्ड बाहेर विकून टाक म्हणून," डॉक्टर म्हणाले. "तिप्पट मिळाले असते. मला पैशांचं काही नव्हतं, काका. तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर पुरे होतं. विचारलं नाहीत, एकदम निकाल दिलात." काकांच्या घशातून काहीतरी आवाज आला. "बोलू नका, आरसा लागेल. यादी बाईंकडे द्या, ते बरोबर आहे. खाली वगैरे जायची गरज नाही. उगाच सगळ्यांच्या पायऱ्या बदलाव्या लागतील. मेव्हण्याला मी तासापूर्वीच फोन केलाय. कार्ड माझ्याकडेच येईल."

काकांनी डोळे मिटले. दिव्याच्या उजेडामुळे पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या असतील, असं समजायला वाव होता. डॉक्टरांनी तसंच समजून दिवा थोडा बाजूला केला.

"उजवीकडची दाढ किडलीये," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या."