पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढलेली. अशा माणसानं टाच लावली की कमरेतली लचक जाते, हे आमच्या सोलापुरात सगळे मानत. त्यामुळं सासरी आले तेव्हा रुखवत बेताचाच होता, तोरा मात्र पोतंभर. गल्लीतल्या बाया येऊन पालथ्या पडायच्या आणि मी टाच टेकवून, जणू देवीच, म्हणायची, "ऊठ, झालं."

मग सत्तरच्या दशकात या देवीच्याच कमरेतला मणका पुढं सरकला. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं. मणक्यांना पोलादी पट्टी लावून ती स्क्रूंनी आवळली. हाडं जुळून येईपर्यंत सहा महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेचा पट्टा सोडायचा नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साठीच्या. पण नळावरून घागरी त्याच आणायच्या. मी आयतं खाऊन पुन्हा रुसायची, ते वेगळंच.

चौथ्या महिन्यात, आत्याबाई नळावर गेलेल्या असताना, शेजारची अक्का वाकडी होत आली. मागावर काम करणारी, तेलुगू घरातली. सुताचं गाठोडं उचलताना तिची कंबर धरली होती.

"वैनी, एकदा पाय लाव की."

"अगं, माज्याच कमरेत लोखंड हाय."

"मग तर लवकर गुण येईल की!"

झालं, मी फुलले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडं काही मागत होतं. भिंतीला हात लावला, एका पायावर उभी राहिले आणि दुसरा तिच्या पाठीवर टेकवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी माझ्याच कमरेत काहीतरी हललं. अक्का हसत उठून गेली. मी भिंत धरून तशीच उभी, तोंडानं श्वास घेत.

सांगितलं का कुणाला? छे! कूस बदलताना कळ डाव्या पायात उतरायची, मी पदर दातांत धरायची. आत्याबाईंनी विचारलं की "मुंगी चावली" म्हणायची. महिनाभर आमच्या घरात फार मुंग्या झाल्या. शेवटी एका सकाळी उठताच येईना, तेव्हा टांग्यातून इथल्याच डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "स्क्रूभोवती ही काळी कड दिसते? तिथलं हाड झिजलंय. स्क्रू ढिले पडलेत. कमरेवर ताण आला होता का?"

"न्हाई," मी म्हणाले. मग आत्याबाईंच्या हाताकडं नजर गेली. घागरी वाहून बोटांना घट्टे पडले होते. सगळं सांगून टाकलं, मुंग्यांसकट.

"एकदा उभं राहिल्यानंच झालं असं नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडं जुळलीच नव्हती, सगळा भार स्क्रूंवर होता. पण महिनाभर लपवायला नको होतं. आता पायाची ताकद कमी झालीय. पुण्याला पुन्हा उघडावं लागेल."

"पाय जाणार न्हाई न्हवं हिचा?" आत्याबाईंनी विचारलं.

"आत्ताच काही सांगता येत नाही."

बाहेर टांग्यात त्यांनी मला आडवं केलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"आत्याबाई, रागावलासा?"

"लई. पर आत्ता न्हाई बोलायची. पुण्याहनं चालत ये, मग एकेक काढते तुजं."

मी डावा अंगठा हलवून बघत होते. हलत होता, पण उजव्यासारखा नाही.