डोहातली म्हातारी

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी तर नाहीच. देवापाशी? देवापुढे दोनदा बसले, तोंड उघडलं आणि पावसापाण्याचं मागून उठले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं — तेही तितकंसं सोपं नाही, बघा.

आधी डोहाचं सांगते. मूळ गोष्ट टाळतेय असं नाही... टाळतेय थोडी. पण डोह कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

वैशाखरे गावाच्या अलीकडे काळू नदी आमच्या गावाला वळसा घालते. पावसाळ्यात घाटाकडून येताना रेती, गोटे, झाडांची खोडं, सगळं ओढून आणते आणि त्या वळणावर टाकते. त्याचा लांबलचक उंचवटा होतो, आम्ही त्याला दांडा म्हणतो. दांड्याच्या आड पाणी अडतं, तो आमचा डोह. उन्हाळ्यात नदी वर-खाली सगळीकडे आटते, नुसते गोटे तापत पडतात, पण डोह भरलेला. नदीतला सगळा जीव तिथे येऊन दिवस काढतो. मासे, खेकडे, कासवं, आणि पाण्यावर येणारी आमची गुरं. लहानपणापासून बघते आहे, तरी दांड्यावर उभी राहिले की अजून बोलायला सुचत नाही. एवढा मोठा बांध, आणि घालणारं कोण? पाणीच.

त्या दांड्यावर रेतीवाल्यांची नजर गेली. आधी ट्रॅक्टर आले, मग डंपर. एका उन्हाळ्यात दांडा निम्मा गेला आणि डोह गुडघाभर उरला. तेव्हा आम्ही बायका दांड्यावर जाऊन बसलो. सगळ्यांत पुढे कोण? मी. "आदी आमच्या अंगावरनं गाडी घाला!" असं ओरडले होते, मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. मग गाव उठलं, पलीकडची वाडी उठली, बौद्धवाडीतली पोरं पाळीपाळीने पहाऱ्याला उभी राहिली. गाड्या फिरल्या त्या फिरल्याच. पुढे सगळ्यांनी मिळून नियम केला — दांड्यावरची पाटीभर रेतीसुद्धा कुणी उचलायची नाही, आणि होळीपासून पावसाळा संपेपर्यंत डोहात जाळं-गळ नाही, कारण तेव्हा माशाच्या पोटात अंडी असतात. गावासमोर तो नियम मीच वाचून दाखवला. राखणीला वाडीवरचे बुधाबाबा बसू लागले. म्हसा गावच्या जत्रेतली जुनी घोंगडी अंथरून दिवसभर जांभळीखाली.

पुढच्या पावसात नदीने दांडा पुन्हा भरून दिला. काय सांगू तुम्हाला! पाणी ओसरल्यावर बघायला गेलो, तर बायका चपला काढून वर चढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तर डोळ्यांना धार लागली.

आणि मग म्हातारी दिसू लागली. मोठ्या, पितळी खवल्यांची मासोळी, माझ्या हातापेक्षा लांब. एवढी मोठी आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. धुणं धुताना मी भाताची शितं टाकायची, ती यायची. हळूहळू हातावरची खाऊ लागली. ते गार, बिनदाताचं तोंड तळव्याला लागलं की अंगावर काटा यायचा. शाळेची पोरं रांगेत बघायला यायची. बुधाबाबा तर तिला हात जोडत. म्हणत, "ही हाय तवर डोह हाय, बाय."

आता सांगते.

लेकीचं लग्न झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात जावई पहिल्यांदा राहायला आले. मी कोंबडा कापायचं म्हटलं तर हसून म्हणाले, "आई, नदी दाराशी आणि पानात कोंबडी?" थट्टाच होती. कोंबडा केला असता तर बोटं चाटून खाल्ला असता माणसाने. पण मला ते लागलं. आणि खरं सांगू? त्या घडीला मला वाटलं, डोह वाचवला कुणी? मी. मग त्यातला एक मासा माझा नाही का?

दुपारी डोहावर गेले. बुधाबाबांना म्हटलं, तुम्ही जेवून या, मी बसते. अशी मी नेहमीच बसायची. दांड्याच्या उतारावर पाणी वीतभर असतं, तिथे भात टाकला. ती आली. मी दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले — ती हललीसुद्धा नाही. रोजचेच हात ना ते! उचलून रेतीवर टाकली. मग गोटा घेतला.

धुण्याच्या टोपलीत, ओल्या कपड्यांखाली घालून घरी आणली. घरी सांगितलं, खालच्या गावातून विकत घेतली. पोट चिरलं तर अंड्यांनी भरलेलं. ती गाभोळी तळून जावयाच्या पानात वाढली. मीही जेवले. चव चांगली होती. हेही सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन गेले, तर बाकीचे मासे आले. हातावर. ज्या हातांनी — त्याच हातांवर. एवढा विश्वास कुठून येतो जिवाला, मला आजही कळत नाही.

चार-आठ दिवसांनी म्हातारी दिसत नाही अशी बोंब झाली. देवळात गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, राखणदारानेच खाल्ली असेल. बुधाबाबा नुसते माझ्याकडे बघत होते. "तू सांग ना गो बाय, तुजं आयकतात." सगळे माझ्याकडे वळले. माझं खरंच ऐकायचे हो सगळे.

मी म्हटलं, बाबांनी खाल्ली नसेल. पण त्यांचा डोळा लागला असेल. वय झालं. राखणदार बदलू या.

म्हातारीला मारलं ते एकवेळ पोटात राहिलं असतं. हे राहत नाही.

बाबा भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघून आठवू लागले. मग म्हणाले, "लागला असंल डोला. बाय बोलतं म्हंजी लागला असंल." आणि उठून, सगळ्यांसमोर, माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, "चुकी झाली, बाय. माप कर."

मी माफ केलं.