दादाची पोर्तुगीज क्रियापदं

दादा गेला त्याला आता सहा आठवडे होतील. फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या बाजारात मेथीची जुडी सोडून बघत होते. भाचा म्हणाला, "आत्या, पप्पा गेले," आणि मी ती जुडी पुन्हा बांधायला लागले... भाजीवाली बघतच राहिली. शहागडला, माहेरी, पोचले तर घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो एकच गोष्ट सांगत होता: मास्तरनं धाकट्या बहिणीसाठी गोव्याची सरकारी नोकरी सोडली. ती धाकटी बहीण मी, शांता. चाळीसहून जास्त वर्षं हे वाक्य माझ्या नावाला चिकटलेलं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील आधीच गेलेले, माय दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाई, आणि दादा गावातल्या शाळेत मास्तर. आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या नजरेत फारसा फरक पडला नव्हता. शाळेत दादा गुरुजी होता. एका सहकाऱ्याच्या घरी मात्र त्याच्यासाठी वेगळी कपबशी होती, आणि ती तो स्वतः विसळून ठेवी. त्यावर तो कधी बोलला नाही. पण एकदा त्यानं वर्तमानपत्रात वाचलं की गोव्यातले जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि त्याच्या मनानं घेतलं. "जे कुनालाच वाचता येत न्हाई ते मला आलं, तर माझं आडनाव कोन इचारील?" असं तो मायला म्हणाला. मायला एवढंच कळलं की पोरगा लांब जायचं म्हणतोय.

औरंगाबादच्या एका रद्दीवाल्याकडून त्यानं पोर्तुगीजचं व्याकरण आणलं, इंग्रजीतून शिकवणारं, पुठ्ठा गेलेलं. आम्ही पाढे जसे पाठ केले तशीच त्यानं क्रियापदं पाठ केली, संध्याकाळी ओसरीवर मांडी घालून, डुलत. पुस्तक माझ्या हातात. चुकला की मी टोकायचं. फिझ, फिझेस्ते, फेझ... दिस्से, दिस्सेस्ते, दिस्से... पुस, पुसेस्ते, पोस. करणे, सांगणे, ठेवणे. नियमानं चालणारी क्रियापदं त्यानं लवकर संपवली आणि या वाकड्यांच्या मागं लागला. त्याचं म्हणणं असं, की माणसाला रोज लागणारी क्रियापदंच लॅटिनमधून अशी हट्टी होऊन आली. सदा तोंडात असल्यामुळं त्यांना कुणी सरळ करू शकलं नाही. आपल्याकडं नाही का, 'जा'चं 'गेला' होतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात गॅलिशियन रूपं होती, फिझच्या जागी फिशेन, दिस्सेच्या जागी दिशेन. ही कुठली भाषा म्हणून मी विचारलं. "पोर्तुगालच्या नदीपल्याडची," तो म्हणाला. "आपन गोदावरीच्या ह्या अंगाला, गेवराईवाले त्या अंगाला, तसं. माय एकच, लॅटिन." मला अर्थ फार कळायचा नाही, पण पाठ त्याच्याआधी व्हायचं. मी मुद्दाम पुढचं रूप म्हणून टाकायची आणि तो चिडायचा.

सहा वर्षं हे चाललं. शेवटी भाषांतरकाराच्या जागेची जाहिरात आली. तो लेखी परीक्षा देऊन आला, मग मुलाखतीचं बोलावणं आलं. पणजीहून तो पाचव्या दिवशी परतला, हायवेवर ट्रकमधून उतरला आणि पायही न धुता मायसमोर बसला. "नोकरी भेटत व्हती. मीच न्हाई म्हनलो. शांतेचं शिक्षन ऱ्हायलंय, तुला कोन पाहील?" माय त्याला धरून रडली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला ते माहीत झालं.

मग मी अडकले. दोन वर्षांनी मला औरंगाबादला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, पण कोणत्या तोंडानं जाणार? ज्यानं माझ्यासाठी गोवा सोडला त्याच्या एकट्याच्या गळ्यात माय टाकून? मी जवळच डी.एड. केलं, मायचं शेवटपर्यंत केलं, तो म्हणाला त्या घरात लग्न केलं. नवऱ्याशी पटलं नाही, तेही त्याला सांगितलं नाही. मंठ्याच्या पुढं गेले नाही. खरं सांगते, माझा त्याच्यावर फार जीव होता आणि त्याचा मला भारही व्हायचा, दोन्ही एकाच वेळी.

तो जाण्याआधी तीन आठवडे मी भेटायला गेले होते. त्याला धाप लागत होती. तरी म्हणाला, ऐक, आणि क्रियापदं सुरू केली. मध्येच अडखळला, मी पुढचं रूप सांगितलं. या वेळी चिडला नाही... म्हणाला, "शांते, त्यांनी मला घेतलंच नव्हतं."

लेखी पेपर चांगला गेला होता. मुलाखतीत एका म्हाताऱ्या साहेबांनी पोर्तुगीजमध्ये काही विचारलं आणि दादाला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी सावकाश पुन्हा विचारलं, तरी नाही. सहा वर्षं तो ती भाषा कागदावरून, आपल्या ओसरीवर, आपल्या चालीत म्हणत आला होता. कुणाच्या तोंडून ती कधी ऐकलीच नव्हती. त्यानं लिहून द्या म्हटलं, तेव्हा साहेब हसले. घरी येऊन हे सांगायची त्याला लाज वाटली. पुढच्या वर्षी तीच जाहिरात पुन्हा आली. आता त्याला कुठं चुकलं ते माहीत होतं, पण जाता येत नव्हतं, कारण नोकरी तर त्यानं आमच्यासाठी सोडली होती. "खोटं मी एकदाच बोललो. मंग त्यातच राहून राह्यलो," तो म्हणाला. मी उठले. त्याला चहा करून दिला आणि मिळेल त्या बसनं परत आले. राग एवढा होता की नंतर फोनही केला नाही. त्याचं वाईट आता वाटतं.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला वंदना झाली, भाषणं झाली, सगळी त्याच त्यागावर. मग मला उभं केलं. समोर भाचा बसला होता, बापाच्या कौतुकानं भरून आलेला. मी म्हटलं, हो, माझ्यासाठीच सोडली, आणि खाली बसले. दादानं मला ज्या खोट्यात ठेवलं होतं त्यातच मी त्याच्या पोराला नेऊन ठेवलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं आणि झोप लागेना.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं माझ्या हातातले कागद घेऊन शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आत्या, पप्पांनी तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर तू त्यांना कमी मानलं असतं का?"

"न्हाई रे," मी म्हटलं. "जवळ बसून रडले असते त्याच्यासंगं. आन् दोन वर्षांनी वसतिगृहात गेले असते."